खिडकीतून येणारे हात

पत्र :

"मी ३४ वर्षांची आहे. देवगड तालुक्यात एका पतसंस्थेत रोखपाल म्हणून काम करते. घरची आंब्याची कलमं आहेत. कॉलेजात असल्यापासून कथा लिहिते आणि शाईने, जलरंगाने चित्रंही काढते. दोन कथा दिवाळी अंकांत छापून आल्या. गेल्या वर्षी रत्नागिरीला एका सामूहिक प्रदर्शनात माझी काही चित्रं लागली होती. होड्या, माड, संध्याकाळचा समुद्र. एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, 'हात चांगला आहे, पण हे सगळं कॅलेंडरवर बघितलंय.' तेव्हापासून ब्रश हातात धरवत नाही. लिहायला बसले तरी तेच. आजी, पडवी, पाऊस, फणस. सगळ्यांनी लिहून झालेलं. सासूबाई म्हणतात, 'समोर एवढो दर्या आसा, तरी तुका काय सुचना नाय?' दिवसभर खिडकीमागे बसून पैसे मोजायचे. लोकांची तोंडंसुद्धा नीट दिसत नाहीत, काचेखालच्या फटीतून नुसते हात आत येतात, एप्रिल-मेमध्ये तर चिकाने भाजलेले. संध्याकाळी काही सुचेल म्हणून बंदरावर जाऊन बसते. सुचत नाही. तीन गोष्टी विचारते. लेखक-चित्रकारांना प्रेरणा मिळते तरी कुठून? लिहिणं आणि चित्रं, यातलं एक सोडून द्यावं का? आणि इथेच राहून काही होईल, की मुंबईला जायला हवं?"

– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर :

ताई,

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. समोर दर्या असून सुचत नाही यात नवल काहीच नाही, हेही सांगा. जो रोज समोर असतो तो हळूहळू दिसेनासा होतो. त्यातून तुम्ही बंदरावर जाता त्याच मुळी काहीतरी मागायला. 'आता सुचेल, मग सुचेल' म्हणत बसलेल्या माणसाला आपलं बसणंच तेवढं जाणवत राहतं.

तुमच्या पत्रात मी थांबले ती समुद्रापाशी नाही. काचेखालच्या फटीतून आत येणारे, चिकाने भाजलेले हात. ही ओळ तुम्ही नोकरीच्या कंटाळ्याबद्दल लिहिताना सहज लिहून गेलात आणि लगेच पुढे बंदरावर निघालात. आंब्याच्या देठातून उडणारा चीक कातडी जाळतो, हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण तो भाजलेला हात पैसे घ्यायला खिडकीत येतो तेव्हा कसा दिसतो, हे कॅलेंडरवर मी कधी पाहिलेलं नाही. कथेत वाचलेलंही आठवत नाही. ते तुम्ही पाहिलंय, आणि एका हंगामात शेकड्यांनी पाहिलंय. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात होतं, असं माझं मत आहे.

आता उरलेलं निम्मं. प्रेरणा म्हणजे एखाद्या दिवशी आभाळातून काहीतरी उतरतं, अशी एक समजूत आपल्यात घट्ट बसली आहे. तिला पुरावा म्हणून हटकून पालगडच्या साने गुरुजींचं उदाहरण देतात. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. खरं आहे. पण त्यांची आई गेली १९१७ साली. मधल्या पंधरा वर्षांचं काय? ते सगळं पालगड, ती माडी, ते दूर्वांचे हारे, ते बोलणं त्यांच्या आत केव्हाचं साठलेलं होतं, म्हणून पाच दिवस पुरले. साठा नसता तर पाच महिन्यांनीही पान हललं नसतं. आणि एक बघा, ते लिहिताना समोर ना समुद्र होता, ना माड. तुरुंगाची भिंत होती.

म्हणजे आधी साठवण. ती ठरवून करता येते. पण नुसत्या साठवणीतून काम उभं राहत नाही, त्याला हद्द लागते. ही गोष्ट मला आपल्याकडच्या दशावताराइतकी स्पष्ट कुठेच दिसत नाही.

कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की तुम्ही रात्र रात्र बसला असाल. दशावतारी नाटकाची लिहिलेली संहिता नसते. आज आख्यान कुठलं, राजा कोण, राक्षस कोण, स्त्रीपार्ट कोणाकडे, एवढं ठरतं. प्रत्येक जण आपल्या पेटाऱ्यापाशी बसून स्वतःच्या हाताने तोंड रंगवतो, आणि बाहेर येऊन तासन्‌तास बोलतो. लिहून दिलेलं एक वाक्य नाही. त्याला सुचतं कुठून? पुराणातल्या कथा तोंडपाठ असतात. शेकडो रात्रींची उत्तरं-प्रत्युत्तरं कानात असतात. हे झालं साठवणीचं. पण त्याहून मोठी सोय अशी की बऱ्याच गोष्टी आधीच बांधलेल्या असतात. राजा कसा येणार, पेटी-पखवाज कुठे उचलणार, युद्ध कुठे लागणार आणि पहाटेपर्यंत आख्यान कुठे पोचायला हवं, हे सगळं पक्कं. उरलेल्या मोकळ्या जागेत त्याला खेळायचं असतं, आणि जागा लहान असल्यामुळेच तो खेळू शकतो. त्याला 'आज काहीही बोल' म्हणून रिकाम्या रंगमंचावर सोडलं तर तोही तुमच्यासारखा बंदरावर जाऊन बसेल.

सावंतवाडीच्या गंजिफ्याचंही, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचंही, तेच. राजवाड्यात कारागीर बसून रंगवतात, ते एकदा जाऊन बघाच. तळहातात मावणारं गोल पान. दशावतारी गंजिफ्यात १० अवतारांचे १० संच, प्रत्येकात १२ पानं, एकूण १२०. मत्स्यावताराच्या पंजीवर पाच मासेच हवेत, सहावा चालणार नाही. तर त्या गोलात पाच कसे बसवायचे? सात आले की रचना मोडते, मग नव्याने मांडायची. नवाला पुन्हा तीच पंचाईत. चित्रकाराचं डोकं चालतं ते या पंचाइतीमुळे. मोठा कोरा कागद आणि 'कोकण' हा विषय घेऊन बसलं की कोणीही होडी आणि माडच काढणार. तुम्ही काढलेत यात तुमचा दोष नाही, विषयच तेवढा ऐसपैस घेतलात.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं : एक हंगाम फक्त हात. फटीतून जेवढे दिसतात तेवढेच. मनगटापलीकडचा माणूस काढायचा नाही, त्याचा चेहरा कल्पनेनेसुद्धा जोडायचा नाही. कागद पत्त्याच्या पानापेक्षा थोडा मोठा, शाई एकच. गंजिफ्याच्या संचाइतकी, म्हणजे १२ पूर्ण चित्रं.

कामाच्या जागी अर्थातच वही उघडू नका. गिऱ्हाइकाला संकोच वाटेल आणि वरिष्ठ विचारतील ते वेगळंच. त्याने बिघडत काही नाही, उलट बरंच आहे. जेवणाच्या सुट्टीत तीन गोष्टी शब्दांत टिपून ठेवा, चित्र घरी आठवणीने काढा. आठवणीने काढलं की फापटपसारा आपोआप गळतो आणि मनात रुतलेलं तेवढं राहतं. काय टिपायचं? नोटा कशा धरल्या : चिमटीत, मुठीत, की दोन्ही हातांनी प्रसाद घ्यावा तशा? पैसे मोजताना अंगठ्याला थुंकी लावली का? अंगठा उठवून झाल्यावर बोटाची शाई पुसली कुठे, भिंतीला, केसांना की लुगड्याला? बचत गटाची बाई सगळ्याजणींची रक्कम घेऊन येते तेव्हा ती पिशवी कशी सोडते? बागेतल्या नेपाळी राखणदाराचा हात इथल्या हातांहून वेगळा दिसतो का? मासळी विकून थेट आलेल्या बाईच्या बोटांना खवलं चिकटलेली असतात का? सोनेतारणासाठी बांगडी काढताना साबण लागतो का? मी हे सगळं नुसतं अंदाजाने विचारतेय. तुम्हाला ते माहीत आहे. आणि जे मला विचारायलाही सुचलं नाही, ते तर तुम्हालाच माहीत असणार.

एक पथ्य मात्र कडक पाळा. कोणाचं नाव, रक्कम, कर्जाची गोष्ट कागदावर येता कामा नये. गाव लहान आहे. एखाद्याचं सहावं बोट किंवा ठळक गोंदण चित्रात आलं तर सगळी आळी ओळखेल. हात बदला, दोन माणसांचे मिळून एक करा. कथेत तर एवढी मुभा असतेच.

कॅलेंडरवाल्या गृहस्थांबद्दलही थोडं. त्यांचं अर्धंच वाक्य तुम्ही घरी घेऊन आलात. 'हात चांगला आहे' हेही त्यांनीच म्हटलं होतं, आणि जो माणूस बराच वेळ उभं राहून बघतो त्याचं बोलणं पूर्ण ऐकावं. विषय जुना आहे असा अर्थ तुम्ही त्यातून काढलात, तो मला पटत नाही. प्र. अ. धोंडांनी जलरंगात समुद्र किती वेळा रंगवला असेल! मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९०-९१ मध्ये घराजवळच्या शेतातल्या गवताच्या गंज्या पंचवीसेक कॅनव्हासवर रंगवल्या. आपल्याकडे भातकापणी झाली की उडवी रचतात, जवळपास तसाच प्रकार, त्यात बघण्यासारखं काय असं कोणीही म्हणेल. तो एकाच वेळी अनेक कॅनव्हास मांडून बसायचा आणि ऊन बदललं की पुढच्या कॅनव्हासकडे वळायचा. सकाळची गंजी वेगळी, बर्फातली वेगळी, मावळतीची वेगळी. विषय शिळा झाला नाही, कारण त्याचा प्रश्न गंजीबद्दल नव्हताच. ऊन त्या गंजीला काय करतं, हा होता.

तुमच्या चित्रांना प्रश्न नव्हता, असं मला वाटतं. न बघता बोलतेय, राग मानू नका. पण समुद्र नेहमी संध्याकाळचाच का? दुपारी एक वाजता डोळे दिपवणारा, रंग म्हणून काहीच न उरलेला समुद्र कोणी काढत नाही. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी लाल-तपकिरी पाणी हिरव्यात घुसतं, ती रेघ कोणी काढत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या ओढून वर घेतात, झापांनी किंवा निळ्या ताडपत्रीने शाकारतात. ताडपत्रीचा तो निळा रंग बघवत नाही, म्हणून सगळे चित्रकार तो गाळतात. मला तर तोच बघायला आवडेल. आणि तुमच्या होड्यांत माणसं होती का? कॅलेंडरवरच्या होडीत कधी नसतात.

कथांच्या बाबतीत आजी, पडवी, पाऊस यांना बंदी नाही. आजीने काहीतरी करायला हवं, एवढंच. आठवणींचं गाठोडं घेऊन पडवीत बसलेली आजी मराठीत पुरेशी झाली आहे. व्याजाचा दर विचारायला पतसंस्थेत आलेली आजी मला चालेल. किंवा बारा महिने कुलूप असलेल्या मुंबईकरांच्या घराच्या किल्ल्या सांभाळणारी आणि गणपतीच्या आधी आठ दिवस त्यांच्यावर मनातून चडफडत झाडलोट करणारी.

आकार देण्याबद्दल तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण खरी मारामारी तिथेच होते. हाताशी माल असूनही बहुतेक जण त्या टप्प्यावर सोडून देतात, कारण मध्यावर आलेलं काम नेहमी वाईट दिसतं. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, जांभ्यात कोरलेला हत्ती तुम्ही पाहिला असेल. सुमारे १८ मीटर लांबीचा, आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. शेजारी उभं राहिलं तर तो पुरा दिसत नाही, खोबणी आणि वळणं तेवढी दिसतात. पुरा बघायचा तर ड्रोनचा फोटो बघावा लागतो. कोरणाऱ्यांना तो कधी वरून दिसला नसणार. तरी पाठीची रेघ सोंडेपर्यंत बरोबर गेली. कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली, आता सड्यावर पर्यटक येऊ लागलेत. तुम्ही जाल तेव्हा मात्र चित्रकार म्हणून जा आणि ती रेघ कशी चालत जाते ते बघा. चौथ्या हातावर असताना बारा मिळून काय होणार, हे तुम्हाला दिसणार नाही. तेव्हा मोडतोड करू नका. बारा होऊ द्या.

मग मात्र निर्दय व्हा. सगळी चित्रं भिंतीला टेकवून ओळीने मांडा आणि आरशात बघा. उलट्या प्रतिमेत तोल गेलेला चटकन कळतो. कथा असेल तर मोठ्याने वाचा, घरात कोणी नसताना. जिथे वाचताना जीभ अडखळते तिथे वाक्य चुकलेलं असतं. जिथे आपलाच आवाज गोड होतो तिथे बहुधा खोटं लिहिलेलं असतं. पहिलं पान काढून टाकून बघा. नवख्या लेखकाची कथा पुष्कळदा दुसऱ्या पानावर सुरू होते, पहिल्यावर पाऊस पडत असतो. संवाद मालवणीत सुचले असतील तर मालवणीतच ठेवा. पुण्याच्या वाचकाला समजावं म्हणून तीच गोष्ट निवेदनात पुन्हा सांगू नका. त्याला समजतं.

दुसरा प्रश्न, एक सोडावं का. नको. देवगडहून कुडाळ फार लांब नाही. तिथल्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी बघायला जा. गुढीपूरला त्यांचं छोटं संग्रहालय आहे. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं, त्यांची पोथी. एकेक चित्र पुढे धरायचं आणि गात, बोलत कथा सांगायची. तिथे एक बारीक गोष्ट बघा : चित्रात जे दिसतंय ते सांगणारा पुन्हा सांगत बसत नाही. चित्रात दोघे समोरासमोर उभे असतात, मोठाल्या डोळ्यांचे. त्यांच्यात काय घडून गेलं नि आता काय होणार, ते तोंडाने येतं. तुमच्या बारा हातांखाली तसं चार-चार ओळींचं काही लिहून बघा. हात भाजलेला दिसतोय, तर 'भाजलेला' हा शब्द खाली नको. त्या माणसाने जाताना काय विचारलं ते लिहा. लिहिणं आणि चित्रं ही दोन कामं आहेत, म्हणून वेळ पुरत नाही, असं तुम्हाला वाटत असावं. मला ते एकच काम दिसतंय.

मुंबईचं काय? श्री. ना. पेंडसे दापोलीजवळच्या मुर्डीचे. लहानपणीच मुंबईला गेले, बेस्टमध्ये नोकरी केली आणि तिथे बसून दापोलीच्या परिसरावर कादंबऱ्या लिहिल्या. वि. स. खांडेकर उलट वाटेने आले. १९२० मध्ये शिरोड्याला शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळला घरची खानावळ चालवत कविता लिहीत होते, आकाशवाणीत मुंबईला गेले ते नंतर. तिघांवरून नियम काढायचा म्हटला तर निघत नाही. नोकरी, घर, कलमं सोडून जाण्याइतकं कारण मला तुमच्या पत्रात दिसलं नाही. एक अडचण मात्र खरी आहे : इथे राहून मूळ चित्रं बघायला मिळत नाहीत, आणि मोबाइलवर चित्र बघणं हे बघणं नव्हे. त्यावर उपाय करा. देवरूखला लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे, तिथे नामवंतांची मूळ चित्रं जवळून बघता येतात. चिपळूणकडे जाणं झालं तर सावर्ड्याच्या सह्याद्री कला महाविद्यालयात डोकवा. निसर्गचित्रण गंभीरपणे करणारी मुलं तिथे भेटतील, आणि तुमच्या वयाच्या बाईने त्यांना प्रश्न विचारले तर ती हसणार नाहीत. वर्षातून एकदा कणकवलीहून रात्रीची गाडी धरून मुंबईला जा, जहांगीर आणि आसपासची दालनं दोन दिवस पायी फिरा, परत या. आंब्याचा हंगाम सोडून, अर्थात.

दिवाळी अंकांचं वेळापत्रक तुम्हाला माहीत आहेच. हंगाम संपला की जूनमध्ये निवड आणि काटछाट करा, म्हणजे जुलैत संपादकाकडे पाठवता येईल. बारा चित्रं आणि खालच्या ओळी असा मजकूर नाकारला गेला तर रत्नागिरीच्या पुढच्या प्रदर्शनात लावा. ते गृहस्थ पुन्हा आले तर काय म्हणाले ते मला कळवा.

ता. क. – पावसाळ्याची काळजी आतापासून घ्या. दमट हवेत जलरंगाच्या कागदावरचं खळीचं आवरण खराब होतं, मग रंग आत शोषला जाऊन मळकट दिसतो आणि कागदावर बुरशीचे ठिपके येतात. कोरा कागद घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पुड्या ओल धरतात, त्या मधूनमधून बदला. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, पिवळा पडतो. जून ते सप्टेंबर पाण्याने न फुटणाऱ्या काळ्या शाईवरच काम केलेलं बरं. आणि झालेली चित्रं चिऱ्याच्या भिंतीला थेट टांगू नका. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, मागून वारा खेळला पाहिजे.